'क्रिपस्क्युलर'ला मराठीत काय म्हणाल? (निशाचर सोडून बोला)

अर्धविराम (धागाकर्ता), रात्री १०.४२

एका शब्दापाशी तीन दिवस अडलोय, म्हणून हा धागा.

सशांवरच्या एका छोट्या पुस्तकाचा अनुवाद हातात आहे. पहिल्याच पानावर वाक्य आहे की ससे 'क्रिपस्क्युलर' असतात. झालं, एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, लेखिका थेट चाऱ्याकडे वळते. मी घाईत 'ससे निशाचर असतात' असं ठोकून दिलं आणि पुढे गेलो. दहा पानांनंतर तीच बाई म्हणते की ससा सगळ्यात खुशीत असतो तो पहाटे आणि दिवस मावळताना. माझा निशाचर तोंडावर आपटला.

मग शब्दकोश उघडला. तिथे 'संधिप्रकाशासारखा, अंधूक'. आता काय लिहू, 'ससे अंधूक असतात'?

या शब्दाचा नेमका अर्थ काय, इंग्रजीत तो खरंच कुणी वापरतं का, आणि मराठीत एका शब्दात बसेल असं काही आहे का, एवढं कुणीतरी सांगा. उच्चाराचीही खात्री नाही.

उंटावरचा_शहाणा, रात्री १०.५५

नाव ऐकून आधी वाटलं त्वचारोग असावा. 'घाबरू नका, क्रिपस्क्युलर आहे, मलम लावलं की आठवड्यात जाईल.' हलके घ्या.

जुनी_वही, रात्री ११.३०

उंटावरचे शहाणे, हसू आलं, पण तुम्ही नकळत मुद्द्याला हात घातलाय. इतक्या हळुवार गोष्टीला इतका खरखरीत शब्द इंग्रजीत दुसरा नसेल. असेल तर 'पल्क्रिट्यूडिनस'. त्याचा अर्थ सुंदर!

उच्चार: क्रि-पस्-क्यु-लर. जोर 'पस्'वर. 'क्रेप' असं सुरू करणारे भेटतात, पण पहिलं अक्षर ऱ्हस्व आणि निसटतं ठेवायचं.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'क्रेपुस्कुलुम' म्हणजे संधिप्रकाश. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या लेकींनी तो थोड्याफार फरकाने तसाच ठेवलाय, त्यामुळे तिकडच्या माणसाला हा शब्द वाचून कोश काढावा लागत नाही. इंग्रजीने त्याचं विशेषण सतराव्या शतकात घेतलं आणि तिथे ते पाहुणंच राहिलं. घरात ट्वायलाइट होता, डस्क होता, स्कॉट लोकांचा ग्लोमिंग होता. पाहुण्याला बसायला खुर्ची मिळाली ती शास्त्रज्ञांच्या आणि कवींच्या खोलीत.

पण खरी मजा त्याच्या आणखी एक पायरी खाली आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित वॅरो लिहितो की हा शब्द रोमशेजारच्या सबाइन लोकांच्या 'क्रेपर'वरून आला, आणि 'क्रेपर' म्हणजे शंकास्पद, अनिश्चित. का? तर त्या वेळेला अजून दिवस आहे की रात्र झाली, असा अनेकांना संशय पडतो म्हणून. तो असंही सांगतो की अमिटर्नम गावात त्या वेळी जन्मलेल्यांना त्यावरूनच 'क्रेपुस्कुस' असं नाव पडे. लुक्रेशियस या कवीने तर हे विशेषण युद्धाला लावलंय. कोणाची सरशी होईल ते कळत नाही असं युद्ध.

म्हणून 'अंधूक' हा अर्थ मला पांगळा वाटतो. अंधूक म्हणजे उजेड कमी. क्रिपस्क्युलर म्हणजे उजेड म्हणावा की अंधार, याचा निकाल लागलेला नाही.

काजवा, रात्री ११.५८

वा, जुनी वही! 'निकाल लागलेला नाही' हे आमच्या प्राण्यांनाही लागू पडतं.

अर्धविराम, तुमची चूक फार जणांकडून होते. शाळेपासून आपल्या डोक्यात दोनच खण असतात, दिवसाचे प्राणी आणि रात्रीचे प्राणी. दिवसा दिसला नाही की टाक रात्रीच्या खणात. पण बरेच प्राणी या दोन्हींत नीट बसत नाहीत. ससे, हरणांच्या अनेक जाती, मांजर, रेड पांडा, काही काजवे (हो, माझे भाऊबंद), कितीतरी पतंग. यांची मुख्य धावपळ उजाडण्याच्या आणि मावळण्याच्या आसपास असते. मधल्या वेळी ते झोपतात, रवंथ करतात किंवा नुसते दबून बसतात. प्राणिशास्त्रात क्रिपस्क्युलर म्हणजे हेच.

कारणं प्राण्यागणिक वेगळी. वाळवंटात कारण सरळ असतं, दुपार भाजते आणि रात्र गारठवते, मधल्या दोन वेळा तेवढ्या परवडतात. इतरांच्या बाबतीत डोळ्यांचा खेळ आहे. भर उजेडात शंकूच्या आकाराच्या पेशी काम करतात, अंधारात दांड्यासारख्या. झुंजूमुंजू उजेडात दोन्ही अर्ध्या क्षमतेवर असतात. दिवसाच्या शिकाऱ्याला नीट दिसेनासं झालेलं असतं आणि रात्रीच्या शिकाऱ्याचे डोळे अजून सरावलेले नसतात. सशासारख्या भक्ष्याला तेवढ्या फटीत चरून घ्यायचं असतं.

आता तुम्ही विचाराल, मग मांजर त्याच वेळी का बाहेर पडतं? कारण ससे आणि उंदीर त्याच वेळी बाहेर असतात! मांजराच्या बाहुलीची उभी फट आठवा. ती कडक उन्हात रेघेएवढी होते आणि अंधारात जवळजवळ पूर्ण गोल. डोळ्यामागे आरशासारखा थर असतो तो वेगळाच. म्हणजे बदलत्या उजेडासाठीच घडवलेला डोळा.

एक बारकावा राहिला. नुसते पहाटेचे असतील तर 'मॅट्युटिनल', नुसते संध्याकाळचे असतील तर 'व्हेस्परटाइन'. क्रिपस्क्युलरमध्ये दोन्ही येतात. अनुवादात हे सांभाळा.

सरळसोट, सकाळी ८.१५

सगळं वाचलं. छान आहे. पण एक अडाणी प्रश्न: 'ट्वायलाइट' हा बाराखडीतला शब्द असताना इंग्रजीत हे जड प्रकरण वापरायचंच कशाला? आपल्याकडे 'पाणी' असताना 'जल' म्हणणारे असतात तसलंच ना हे?

जुनी_वही, सकाळी ९.०२

अडाणी मुळीच नाही. बोलण्यात वापरलंत तर तसलंच होईल. 'काल क्रिपस्क्युलर चहा घेतला' म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं. आणि 'क्रिपस्क्युलर इव्हनिंग' तर पिवळा पीतांबर.

पण ट्वायलाइट आहे नाम. विशेषणासारखं पुढे जोडता येतं, 'ट्वायलाइट अवर' वगैरे, पण 'रॅबिट्स आर ट्वायलाइट' म्हणता येत नाही. 'डस्की' म्हणाल तर लोक रंग समजतील, काळपट. इंग्रजीला तिथे खरोखर भोक आहे आणि ते या शब्दाने बुजवलंय. म्हणून प्राण्यांविषयी लिहिताना तो अगदी साधेपणाने वापरला जातो, कुणी मिशीला पीळ देत नाही. कवितेत किंवा कादंबरीत आला की मात्र तो मुद्दाम आलेला असतो. तिथे त्याचा अर्थ अंधारलेला, झाकोळलेला, उतरणीला लागलेला असा पसरतो.

या दुसऱ्या अर्थाचं गाजलेलं उदाहरण इटलीतलं आहे. १९१० साली बोर्जेसे नावाच्या समीक्षकाने काही तरुण कवींना 'क्रेपुस्कोलारी' म्हटलं, म्हणजे मावळतीचे कवी. गोत्सानो, कोरात्सिनी ही पुढे याच गटात गणली गेलेली नावं. मोठे विषय नाहीत, मोठा आवाज नाही, जुनं सामान, आजारपण, कंटाळा, रविवारची दुपार. समीक्षकाला म्हणायचं होतं की इटालियन कवितेचा मोठा दिवस संपला, आता हा शेवटचा उजेड. नाव चिकटलं आणि वाङ्मयाच्या इतिहासात गेलं.

सरळसोट, सकाळी ९.२०

पिवळा पीतांबर! पटलं. 'जल' मागे घेतो.

घाईगडबड, सकाळी १०.४४

हा न्यूटनचा ना? प्रकाश म्हणजे बारीक कण असतात तो क्रिपस्क्युलर सिद्धांत? शाळेत होता आम्हाला.

आकाशवेडी, सकाळी ११.०६

घाईगडबड, आयडी सार्थ केलात. :) न्यूटनचा तो 'कॉर्पस्क्युलर'. कॉर्पुस म्हणजे देह, त्यावरून कॉर्पस्कल म्हणजे इवलासा कण. एक अक्षर इकडचं तिकडे आणि थेट दुसऱ्या धड्यात. पण तुमची गल्लत अगदीच निराधार नाही, कारण 'क्रिपस्क्युलर रेज' नावाचं खरंच काहीतरी असतं आणि तेही प्रकाशाचंच.

ढगांच्या फटीतून उन्हाचे पट्टे पंख्यासारखे पसरलेले दिसतात ना, देवादिकांच्या चित्रात मागे काढतात तसे? ते क्रिपस्क्युलर किरण. आता बघा गंमत. ते एका बिंदूतून फाकल्यासारखे वाटतात, जणू सूर्य त्या ढगाच्या अगदी पाठीशी बसलाय. प्रत्यक्षात ते जवळजवळ समांतर असतात. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात तोच दृष्टिभ्रम.

आणि रूळ जसे आपल्या पाठीमागेही एकत्र येताना दिसतात, तसे हे किरणही. सूर्य मावळत असेल तर एकदा पाठ फिरवून पूर्वेला पाहा. हवा जमून आली असेल तर फिकट पट्टे डोक्यावरून जाऊन पूर्वेच्या क्षितिजाकडे पुन्हा गोळा होताना दिसतात. त्यांना 'अँटिक्रिपस्क्युलर' म्हणतात. मी आयुष्यात तीनदाच पाहिलेत. पहिल्यांदा वाटलं पूर्वेला दुसरा सूर्य मावळतोय.

खुद्द किरण दिसायचं कारण हवेतली धूळ आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो म्हणून पट्टा उजळतो, आणि शेजारी ढगाची सावली असते म्हणून तो उठून दिसतो. नावात संधिप्रकाश असला तरी भर दुपारीही दिसतात. तेव्हा जुनी वही, तुमचा हा शब्द स्वतःच्या अर्थालाही फार बांधलेला नाही.

घाईगडबड, सकाळी ११.१५

बरं झालं विचारलं. आता मुलाला छाती फुगवून सांगता येईल.

हाडवैद्य, दुपारी १.३०

मी डॉक्टर. शीर्षक वाचून 'क्रेपिटस' डोक्यात आलं, म्हणजे गुडघा वाकवताना येणारा करकर आवाज. म्हटलं सशांचे गुडघे वाजतात की काय. दोन्ही एकाच मुळातले का?

जुनी_वही, दुपारी २.१०

नाही. क्रेपिटसचं मूळ 'क्रेपारे', म्हणजे करकरणे, तडतडणे. 'डिक्रेपिट'मधला खिळखिळेपणा तिथलाच. आपल्या शब्दाचं मूळ 'क्रेपर'. कानाला सख्खे भाऊ वाटतात, इतकंच. तसा 'मस्क्युलर'शीही याचा यमकापलीकडे संबंध नाही. (अवांतर: मसल म्हणजे लॅटिनमध्ये 'छोटा उंदीर'. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून.)

अर्धविराम, दुपारी ३.४८

सगळ्यांचे मनापासून आभार. एका विशेषणावर एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. अर्थ लख्ख कळला. (बघा, क्रिपस्क्युलर लख्ख कळला!) पण माझ्या वाक्याची जागा अजून रिकामीच आहे. मराठीत काय लिहू? मला सुचलेला शब्द 'सांजचर'.

काजवा, दुपारी ४.०५

ऐकायला गोड, पण पहाट गेली. तो व्हेस्परटाइन झाला.

मोडकी_छत्री, दुपारी ४.२२

उभयचर? दोन्ही वेळा चरतो तो. (पळतो आता.)

काजवा, दुपारी ४.२५

बेडूक आधीच बसलाय तिथे. उठायचा नाही.

शब्दांची_आजी, संध्याकाळी ५.१०

मुलांनो, तुम्ही लॅटिन उकरून काढलंत आणि घरातलं विसरलात.

'संध्या' म्हणजे काय? सांधा. दोन गोष्टी जिथे जुळतात ती जागा. दिवस आणि रात्र दोनदा जुळतात, म्हणून संध्याही दोन: प्रातःसंध्या आणि सायंसंध्या. मराठीने पुढे 'संध्याकाळ' शब्दात त्यातली एकच ठेवली, आणि आता संध्या म्हटलं की कुणाच्या मनात सकाळ येत नाही. मूळ शब्द मात्र दोन्ही टोकांचा आहे. काजव्याने वर सांगितलेला तुमचा तो क्रिपस्क्युलर नेमका हाच.

आता लॅटिनकडे बघा. माझी लॅटिन फार नाही, पण त्यांच्यात पहाटेला 'डिलुकुलुम' असा निराळा शब्द आहे, आणि क्रेपुस्कुलुम मुख्यत्वे संध्याकाळचा. म्हणजे त्यांचा शब्द एका टोकाचा होता, तो शास्त्रज्ञांनी ताणून दोन टोकांचा केला. आपला दोन टोकांचा होता, तो आपण वापरून वापरून एका टोकाचा केला.

सुदैवाने 'संधिप्रकाश' अजून शाबूत आहे. 'पहाटेचा संधिप्रकाश' म्हटलं तर कुणाला खटकत नाही. तेव्हा धागा तिथून ओढा. संधिप्रकाशी म्हणा, नाहीतर निशाचर, दिनचर, जलचर यांच्या पंक्तीला बसवायचा असेल तर 'संधिचर'.

जुनी_वही, संध्याकाळी ५.३१

आजी, दंडवत. डिलुकुलुमचा मुद्दा माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता, राहून गेला. 'ताणून दोन टोकांचा केला' हे तंतोतंत.

उंटावरचा_शहाणा, संध्याकाळी ५.४०

संधिचर म्हणजे संधिवाताने हळूहळू चालणारा का?

मोडकी_छत्री, संध्याकाळी ५.४४

नाही हो, संधी मिळाली की चरून घेणारा. त्याला मराठीत आधीच शब्द आहे: संधिसाधू!

काजवा, संध्याकाळी ५.५२

मोडकी छत्री, तुम्ही गमतीत म्हणालात पण मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तीच संधी! दोन काळांमधला सांधा, आणि हाती आलेला मोका. वर मी जे डोळ्यांचं पुराण लावलं त्याचं सार 'संधिसाधू' या एका शब्दात आहे. शिकाऱ्यांच्या दोन पाळ्यांमधली फट साधणारा प्राणी. पुस्तकात छापता येणार नाही हे दुर्दैव.

अर्धविराम, संध्याकाळी ६.१५

'ससे संधिसाधू असतात.' लेखिकेला कळलं तर करार रद्द होईल. पण वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

आकाशवेडी, संध्याकाळी ७.०३

बाहेर नेमका तो उजेड आहे म्हणून एक भर घालते. 'संधिप्रकाश' म्हणजे तरी कुठपासून कुठपर्यंत? आम्हा आकाशवाल्यांकडे त्याच्या तीन पायऱ्या आहेत. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, दिव्याशिवाय बाहेरची कामं होतात. १२ अंशांपर्यंत नाविक, म्हणजे समुद्रावर क्षितिजाची रेघ अजून दिसते आणि ठळक तारेही उगवलेले असतात, त्यामुळे खलाशांना ताऱ्यांची उंची मोजता येते. १८ अंशांपर्यंत खगोलीय. त्यानंतर खरी रात्र.

किती वेळ टिकतो हे तुम्ही कुठे आहात त्यावर. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे पहिली पायरी वीस-बावीस मिनिटांत संपते. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकाल तसा तो तिरपा उतरतो आणि उजेड रेंगाळतो. साधारण ४८.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे, उन्हाळा ऐन भरात असताना, काही रात्री सूर्य १८ अंश खाली जातच नाही. रात्रभर संधिप्रकाश.

सर्वांत छोटा संधिप्रकाश वर्षातून कधी असतो, हे गणित फसवं आहे बरं का. पोर्तुगालच्या पेद्रो नुनेश याने ते सोडवलं आणि १५४२ साली संधिप्रकाशावर चक्क एक आख्खं पुस्तक छापलं. नावातच 'क्रेपुस्कुलिस'. त्याला जोडून एका जुन्या अरबी ग्रंथाचा लॅटिन अनुवादही आहे. त्यात संधिप्रकाश संपताना सूर्य किती खाली असतो यावरून वातावरणाची उंची काढायचा प्रयत्न आहे. मावळतीच्या उजेडावरून हवेचा थर मोजायचा! हे मला आजही जादूसारखं वाटतं.

सरळसोट, संध्याकाळी ७.३०

मग मला सांगा, जिथे महिनोन्‌महिने सूर्य मावळत नाही तिथले क्रिपस्क्युलर प्राणी काय करतात? पहाटच नाही तर पहाटेचा प्राणी कसला?

काजवा, रात्री ८.४०

फार चांगला प्रश्न, आणि याने शब्दाची मर्यादाही कळते. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरवर अभ्यास झालाय. अखंड दिवस आणि अखंड रात्रीच्या काळात त्यांची रोजची लय विस्कटते. दिवस-रात्रीचं वेळापत्रक सोडून ते थोडं चरायचं, थोडं रवंथ करायचं अशा छोट्या फेऱ्यांवर येतात. रेनडिअरच्या डोळ्यामागचा तो आरसाही ऋतूप्रमाणे बदलतो, उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात निळा. त्या लांबलचक निळ्या अंधुक्यात जास्त उजेड गोळा व्हावा म्हणून.

म्हणजे 'क्रिपस्क्युलर' ही प्राण्याची जात नव्हे, सवय आहे, आणि सवय परिस्थितीनुसार सरकते. माणसांची वर्दळ वाढली की कितीतरी प्राणी रात्रीकडे सरकतात. शास्त्रीय लेखनात 'नॉक्टर्नलपेक्षा अधिक क्रिपस्क्युलर' अशी तुलना सर्रास दिसते ती यामुळेच. जुनी वहीच्या वॅरोला हे आवडलं असतं. कोणत्या खणात घालावं याचा संशय!

व्यवहारातलाही एक उपयोग सांगतो. हरणं वाहनांना धडकण्याचे प्रकार पहाटे आणि दिवेलागणीला जास्त होतात. त्यांची बाहेर पडायची वेळ तीच, आणि चालकाला सगळ्यात कमी नीट दिसण्याची वेळही तीच. तुमच्या पुस्तकात ससा पाळणाऱ्यालाही हेच कळायला हवं. दुपारी तो निपचित पडला म्हणून आजारी समजू नये आणि पहाटे घर डोक्यावर घेतलं म्हणून रागावू नये.

शब्दांची_आजी, रात्री ९.१२

काजव्याच्या शेवटच्या वाक्यातच अर्धविरामांचं उत्तर आहे असं मला वाटतं. एका शब्दाला एकच शब्द द्यायचा हट्ट कशाला? तांबडं फुटतं, फटफटतं, झुंजूमुंजू होतं. दिवस कलतो, कातरवेळ येते, तिन्हीसांजा होतात. इंग्रजीकडे एक अवघड विशेषण आहे, कारण त्यांना एवढी क्रियापदं नाहीत. आपण क्रियापदांनी सांगावं.

जुनी_वही, रात्री ९.२५

आजींशी अर्धाच सहमत. कथेत, निबंधात क्रियापदं चालतील. तक्त्यात काय कराल? 'दिनचर / निशाचर / तांबडं फुटताना आणि दिवस कलताना बाहेर पडणारे' असा रकाना करणार? शास्त्राला नामं-विशेषणं लागतात, ती आपण घडवली नाहीत तर लोक इंग्रजीच वापरतील. 'संधिचर' आज विनोदी वाटतोय. दहा ठिकाणी छापून आला की वाटणार नाही.

(इंग्रजीत क्रियापदं नाहीत हेही पूर्ण खरं नाही. पण वादाला वेळ नाही, उद्या कचेरी आहे.)

शब्दांची_आजी, रात्री ९.३०

उद्या संध्याकाळी वाद घालू. किंवा पहाटे. दोन्ही संध्याच.

अर्धविराम, दुसऱ्या दिवशी, रात्री १०.२०

आज ते पान पुन्हा लिहिलं. पहिल्या वाक्यात आजींचं ऐकलं:

'ससा दिनचर नाही आणि निशाचरही नाही. तांबडं फुटू लागलं की तो जागा होतो, ऊन वर आलं की पेंगतो, आणि दिवस कलला की पुन्हा कान टवकारून बाहेर येतो.'

पुस्तकाच्या शेवटी प्राण्यांचा एक छोटा तक्ता आहे, तिथे जुनी वहींचं ऐकून 'संधिचर' टाकला आणि खाली एका ओळीत अर्थ दिला. संपादकांचा निरोप आला: 'संधिचर' छान आहे, पण मुद्रितशोधकाने तो दोनदा 'संधिसाधू' केलाय, कृपया पाहावे.

मोडकी_छत्री, रात्री १०.२६

मी कुठेही मुद्रितशोधक म्हणून काम करत नाही हे आधीच स्पष्ट करतो.

सरळसोट, तिसऱ्या दिवशी, पहाटे ५.५१

आमचं मांजर गेली दहा मिनिटं माझ्या पोटावरून खिडकीत आणि खिडकीतून पोटावर उड्या मारतंय. इतकी वर्षं त्याला खोडसाळ समजत होतो. काजवा, दिवसा आणि रात्री कधीही थोडं थोडं जागं असणाऱ्या प्राण्यांना पण काही नाव असतं का? मला पुढचं पाळीव तसलं तरी नको.

काजवा, पहाटे ५.५८

असतं. 'कॅथेमेरल'. इयन टॅटरसॉल यांनी १९८७ साली लेमूर या माकडांच्या दूरच्या नातलगांच्या अभ्यासात घडवलेला शब्द, ग्रीक मुळांवरून. मराठी प्रतिशब्दासाठी नवीन धागा काढा, हा भरला.